ताप संध्याकाळी आला, तर सकाळची वाट पाहू नका

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या आईबापांना, आजी-आजोबांना, आशाताई आणि अंगणवाडीताईंना, सरपंचांना, पोलीस पाटलांना, आश्रमशाळांच्या गुरुजींना आणि गावोगावच्या पुजाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. हे आवाहन शेवटपर्यंत वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. घरात माडिया बोलत असाल तर माडियात सांगा, गोंडीत सांगा, सिरोंच्याकडे तेलुगूत, मुलचेऱ्याकडे बंगालीत, कोरचीकडे छत्तीसगढीत सांगा. पण सांगा, आणि ह्याच आठवड्यात सांगा.

मृग लागला आहे. धानाचे पऱ्हे टाकून झाले की रोवणीची घाई सुरू होईल. ह्या दिवसांत घरात काय घडतं ते तुम्हाला माहीत आहे. दिवसभर बांधीत वाकून वाकून कंबर मोडलेली आई अंधार पडता पडता घरी येते. एरवी धावत येऊन पायाला मिठी मारणारं पोर खाटेच्या कडेला गप्प बसलेलं असतं. आजी सांगते, दुपारपासून अंग तापलंय, दोनदा ओकलं. आई ओल्या पदराने कपाळ पुसते, पोर डोळे उघडतं आणि पुन्हा मिटतं. बाहेर पाऊस, रस्त्यावर चिखल, मोटरसायकलीत पेट्रोल नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "रातचं कुठं नेता, सकाळी पाहू."

हे वाक्य ह्या पावसाळ्यात आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून हद्दपार व्हायला हवं. प्रत्येक तापात घाबरून धावावं असं मी म्हणत नाही. पण एक ताप असा आहे की त्याला एक रात्र पुरते.

त्याचं नाव आपल्या विदर्भाचंच आहे. नागपूर जिल्ह्यात चांदीपुरा नावाचं गाव आहे. १९६५ साली तिथे तापाची साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या भट आणि रॉड्रिग्ज ह्या शास्त्रज्ञांना तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात तोवर कुठेच न दिसलेला विषाणू सापडला. त्याला गावाचं नाव मिळालं. पुढे बरीच वर्षं तो निरुपद्रवी समजला गेला. २००३ साली प्राणहिता-गोदावरीपलीकडच्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूज्वराने आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. महाराष्ट्रातही त्याच वर्षी मुलं गेली. शोध घेतल्यावर ह्याच विषाणूचा माग लागला. २००७ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात, म्हणजे आपल्याच टापूत, पुन्हा साथ आली आणि त्यानंतरही विदर्भात तो येत राहिला. २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ जण मरण पावले. चांदीपुरा सिद्ध झालेल्या ६४ जणांपैकी ६१ एकट्या गुजरातचे होते. जवळजवळ सगळी १५ वर्षांखालची मुलं.

हा विषाणू शरीरात शिरून करतो काय, हे नीट समजून घ्या. ते एकदा समजलं की घाई का करायची हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

विषाणू जंतूंपेक्षाही फार लहान. चांदीपुराचा एक कण बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो, आणि असे सहा हजारांहून जास्त कण एकापुढे एक लावले तरी अंतर एक मिलिमीटर. त्याला तोंड नाही, पोट नाही, स्वतःहून हलता येत नाही, स्वतःचं पिल्लू करता येत नाही. त्याच्याजवळ असतो एक धागा, आरएनएचा, सुमारे ११ हजार अक्षरांचा. त्यात पाच प्रथिनांची कृती लिहिलेली असते. बस्स, एवढाच संसार. माणसाच्या शरीरात जवळपास २० हजार जनुकं आहेत, आणि पाच कृतींचा हा धागा त्या सगळ्या कारभाराला वेठीला धरतो.

कसं धरतो? ग्रामपंचायतीचा रबरी शिक्का हातात घेऊन पाहा. त्यावरची अक्षरं उलटी कोरलेली असतात, वाचायला गेलं तर काही लागत नाही. कागदावर उमटला की गावाचं नाव सुलटं दिसतं. ह्या विषाणूचा धागा तसाच उलटा लिहिलेला असतो. आपल्या शरीराच्या पेशीला तो वाचता येत नाही. म्हणून विषाणू शिक्का मारणारा हातही सोबत घेऊन येतो. ते एक प्रथिन असतं, उलट्या धाग्यावरून सुलट्या प्रती काढणारं.

विषाणूच्या अंगावर बारीक काट्यांसारखी प्रथिनं असतात. ती पेशीच्या कातडीला चिकटतात. पेशीला वाटतं काही खाण्याजोगं आलंय, ती त्याला बुडबुड्यात गुंडाळून आत ओढून घेते. आत त्या बुडबुड्यात आम्लता वाढते, आणि तीच विषाणूची खूण. काटे वाकतात, आवरण बुडबुड्याला जोडलं जातं, धागा पेशीच्या आत मोकळा होतो. मग शिक्क्यावर शिक्के पडू लागतात. सुलट्या प्रती निघाल्या की पेशीची स्वतःची यंत्रं त्यावरून प्रथिनं बनवायला बसतात, कारण घरचा हुकूम कोणता आणि चोराचा कोणता हे त्या यंत्रांना कळत नाही. त्याच सुलट्या प्रतींवरून पुन्हा उलटे धागे तयार होतात, नव्या विषाणूंसाठी. ह्यातलं एक प्रथिन आणखी वाईट काम करतं. पेशीच्या केंद्रातून तिचे स्वतःचे निरोप बाहेर पडायचे असतात, ते हे प्रथिन अडवून धरतं. म्हणजे घरचा माणूस घरातच कोंडला आणि चूल मात्र परक्यासाठी पेटलेली. शेवटी नवे धागे आणि नवी प्रथिनं पेशीच्या कडेला जमतात, पेशीच्याच कातडीचा तुकडा पांघरून एकेक बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशीला चिकटतात. रिकामी झालेली पेशी मरते.

हे सगळं होतं काही तासांत. समजुतीपुरता एक हिशेब मांडतो. धरून चाला की एका पेशीतून शंभर विषाणू निघाले आणि एका फेरीला आठ तास लागले. संध्याकाळी सहा वाजता एक पेशी बाधली होती. रात्री दोनला शंभर. सकाळी दहाला दहा हजार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला दहा लाख. शरीर मध्ये लढतं, म्हणून प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ चालत नाही. ताप हीसुद्धा त्या लढाईचीच धग आहे. पण 'सकाळी पाहू' म्हणताना आपण त्या विषाणूला किती फेऱ्या मोकळ्या सोडतो, ते ह्यातून कळावं.

त्यातून ह्याला मेंदूची वाट सापडते. मेंदूच्या पेशी मरू लागल्या की मेंदू सुजतो. पायाला सूज आली तर कातडी ताणली जाते, जागा मिळते. कवटी हाडाची, ती ताणली जात नाही. आतला दाब वाढत जातो, पोराला झटके येतात, ते बरळतं, शुद्ध हरपते, श्वासाची लय बिघडते. कित्येक मुलांत पहिल्या तापापासून ह्या टोकापर्यंतचा प्रवास एका-दोन दिवसांतच होतो.

ह्या विषाणूला मारणारं औषध आज नाही. लसही नाही. मग दवाखान्यात नेऊन उपयोग काय, असं कुणी विचारलं तर त्याला शांतपणे उत्तर द्या. दवाखान्यात झटके थांबवायचं इंजेक्शन आहे. प्राणवायू आहे. घसरलेली साखर सलाईनमधून भरून काढता येते. मेंदूची सूज उतरवायचं औषध आहे. श्वास अडला तर नळी घालून तो चालू ठेवता येतो. विषाणूशी लढतं शरीरच, पण ही मदत त्या शरीराला लढायला अवधी मिळवून देते. झटके सुरू होऊन बराच वेळ उलटल्यावर पोर पोचलं तर हाच डॉक्टर आणि हीच औषधं बहुतेकदा हतबल होतात.

दुसरं उत्तर आपल्या भागापुरतं फार मोलाचं आहे. मेंदूवर जाणारा प्रत्येक ताप चांदीपुराचा नसतो. गडचिरोली हा महाराष्ट्रात मलेरियाने सर्वांत जास्त पोळलेला जिल्हा. फाल्सिपेरम मलेरिया मेंदूत गेला तर पोर अगदी असंच तापतं, असेच झटके येतात, आणि त्याच्यावर गुणकारी औषध आहे. जंतूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर प्रतिजैविकं आहेत. घरात बसून आई, आजी, पुजारी किंवा मीसुद्धा सांगू शकत नाही की हा कोणता ताप. आशाताई बोटाच्या एका थेंबावर मलेरियाची तपासणी करून देतात, ती लगेच करून घ्या. मात्र एक ध्यानात ठेवा, मलेरिया नाही निघाला आणि पोर झोपाळलेलं किंवा झटके देतंय, तर सुटकेचा श्वास टाकून घरी थांबू नका. धोका तिथूनच सुरू झाला असेल.

आपल्या धानपट्ट्यात जपानी मेंदूज्वराचा विषाणूही फिरतो. बांधीतल्या पाण्यात वाढणारे डास तो बगळ्यांकडून, डुकरांकडून माणसापर्यंत आणतात. त्याच्यावर लस आहे. ज्या जिल्ह्यांत ती नियमित लसीकरणात आहे तिथे बाळाला नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या आसपास देतात. आपल्या बाळाचं कार्ड काढून आशाताईंना दाखवा आणि हा डोस झाला का, असा सरळ प्रश्न विचारा.

आता खुणा सांगतो, तोंडपाठ करा. अचानक चढलेला मोठा ताप आणि त्यासोबत ह्यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं: पुन्हा पुन्हा ओकारी, झटका, पोर हाक मारली तरी नीट ओ देत नाही, असंबद्ध बोलतं, ओळखत नाही, मान ताठरते, अंगावर पीत नाही, नेहमीपेक्षा फार झोपतं. झटका एकदाच येऊन थांबला तरी निघायचं.

झटका चालू असताना पोराला कुशीवर वळवा, म्हणजे ओकारी घशात अडकत नाही. गळ्याचं, कमरेचं कापड सैल करा. साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने अंग पुसा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. बिब्बा घालू नका, डागणी देऊ नका. तापलेल्या मेंदूला पोटावरच्या चटक्याने उतार पडत नाही, उलट जखमेचं दुखणं वाढतं आणि वेळ जातो. पोर शुद्धीवर असेल तर अंगावर पाजा, साखर-मिठाचं पाणी द्या. ताप उतरवायची गोळी किंवा पातळ औषध आशाताई सांगतील त्या मापातच द्या. १०८ ला फोन लावा. फोन लागत नसेल तर माणूस पळवा. मोटरसायकलीवर न्यावं लागलं तर दोघांच्या मध्ये, मान सावरून, तोंड बाजूला करून धरा. हा आजार पोराला शिवल्याने, उचलल्याने लागत नाही. शेजाऱ्यांनी मागे सरू नये.

दवाखान्यात डॉक्टर पाठीतून थोडं पाणी काढायचं म्हणतील. "पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं होतं," असं बोलतात आपल्याकडे, आणि त्या भीतीने कित्येक जण पोराला उचलून परत घेऊन येतात. असं लुळेपण त्या सुईने येत नाही, मेंदूच्या आजाराने येतं. ती तपासणी होऊ द्या. कोणता ताप आहे हे त्यावरून कळतं, आणि गावात दुसरं पोर बाधू नये म्हणून काय करायचं तेही.

हा विषाणू माणसापर्यंत आणते ती सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी. नाव माशीचं, पण आपल्या घरमाशीशी तिचं काही साम्य नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर एक काम करा. टॉर्च घ्या, गोठ्याच्या कुडाच्या भिंतीला अगदी टेकवून तिरपी धरा आणि भेगांकडे पाहा. डासाच्या निम्म्याहूनही लहान, वाळूच्या रंगाची, अंगभर केस असलेली, पंख पाठीवर मिटून न ठेवता वर उभे धरणारी एक माशी दिसेल. हात जवळ नेला की ती उडत दूर जात नाही, टुणकन उडी मारून वीतभर पुढे बसते. तीच. गुणगुण करत नाही, म्हणून चावेपर्यंत कळत नाही. दिवसभर ती भिंतीच्या भेगेत, शेणाच्या ढिगाखालच्या ओलीत, लाकडांच्या थप्पीत बसते आणि अंधार पडला की बाहेर येते. तिला लांब आणि उंच उडता येत नाही. आपला बचाव तिच्या ह्याच दुबळेपणात आहे.

जमिनीवर अंथरूण टाकून पोरांना झोपवू नका, खाटेवर झोपवा. शेणाचा उकिरडा घरापासून दूर न्या. गोठा घराला चिकटून असेल तर निदान पोरांची झोपायची जागा त्या भिंतीपासून हलवा. भेगा मातीने बुजवा, चुना मारा. सरकारने मलेरियासाठी औषध भारलेल्या मच्छरदाण्या दिल्या आहेत. साध्या जाळीतून ही माशी आरपार येते, भारलेल्या मच्छरदाणीचं औषध मात्र तिलाही लागू पडतं. ती मच्छरदाणी मासे धरायला, कोंबड्या झाकायला, वाफ्याला कुंपण करायला नेऊ नका. पोरांना तिच्यात झोपवा.

फवारणीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण इथे चूक भल्या मनाने होते. फवारणीची माणसं येऊन गेली की भिंतीवर पांढरे डाग दिसतात, वास येतो, आणि घरची लक्ष्मी सणावाराला घर स्वच्छ दिसावं म्हणून दुसऱ्याच दिवशी भिंती सारवून काढते. औषध मातीखाली गाडलं जातं आणि माशी वर मोकळी. भेगा बुजवणं, सारवणं, चुना मारणं हे फवारणीच्या आधी उरकून घ्या. फवारणीनंतर दोन-तीन महिने भिंतीला हात लावू नका. अंगण, जमीन सारवायला हरकत नाही. आणि फवारणीवाले आले की देवघराची खोली, धान्याची खोली म्हणून दार बंद करू नका. भांडी, धान्य झाका आणि आतपर्यंत फवारू द्या.

ह्या विषाणूचा एक भाऊबंद तुम्हाला चांगला माहीत आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतला रेबीज. दोघे एकाच कुळातले, दोघांचा आकार गोळीसारखा, दोघांना मेंदूच हवा. रेबीज मात्र नसेच्या वाटेने सावकाश सरकतो, बहुतेकदा त्याला काही आठवडे लागतात, आणि तेवढ्यात लस त्याला गाठते. म्हणून कुत्रा चावला की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यातली फुकटची लस सुरू करा. भाऊबंदाने दिलेली ही सवड चांदीपुरा देत नाही.

पुजारी आजोबा, तुम्हाला वेगळं सांगायचं आहे. रात्री-अपरात्री घाबरलेली आई आधी तुमच्या दारात येते, कारण तुमच्यावर तिचा विश्वास आहे आणि तुम्ही चार पावलांवर आहात. तुमचं काम सोडा असं म्हणायला मी आलेलो नाही. पण झटके देणारं पोर दारात आलं तर तुमच्या तोंडून पहिला शब्द 'दवाखाना' निघू द्या. मंत्र गाडीत बसून म्हणा, पूजा मागाहून करा. गावात डॉक्टरचं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. एखादं पोर तुमच्या त्या एका शब्दाने वाचेल.

आश्रमशाळा आणि वसतिगृहं सांभाळणाऱ्या गुरुजींनो, बाईंनो, तुमच्याकडे शेकडो लेकरं आईबापांपासून लांब झोपतात. पुष्कळशी जमिनीवर झोपतात. रात्री एखादं पोर तापलं तर ते सांगायला लाजतं. रोज झोपण्याआधी आणि पहाटे खोलीतून एक फेरी मारा, कपाळाला हात लावून पाहा.

ग्रामसभांकडे माझं मोठं मागणं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. तेव्हापासून बांबू आणि तेंदूपत्त्याचा पैसा कित्येक ग्रामसभांच्या हातात येऊ लागला आहे. त्यातली थोडी रक्कम पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी बाजूला काढा, फक्त रात्रीच्या गाडीसाठी. गावात किंवा शेजारच्या गावात ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याशी आधी बोलून ठेवा, डिझेलचे पैसे आधी देऊन ठेवा. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडची गावं तुटतात. जिथे नाला आडवा येतो तिथे डोंगा कोणाचा, कोण पलीकडे उतरवणार, पलीकडच्या गावात गाडी कोण आणणार, हे उन्हात बसून ठरवा. झटके देणारं पोर मांडीवर घेऊन ते ठरवता येत नाही.

हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. गडचिरोलीच्याच खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या साध्या माणसांना, सुइणींनाही, बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. मुलांचे मृत्यू घटले, आणि १९९० साली 'लॅन्सेट'ने ते जगापुढे मांडलं. तेव्हा रस्ते आजच्याहून वाईट होते आणि हातात मोबाईल नव्हता. गावातल्या डोळ्यांनी वेळेवर पाहिलं, म्हणून पुष्कळ लेकरं वाचली.

आज दिवस मावळायच्या आत तीन गोष्टी घराच्या दाराशेजारी कोळशाने लिहून ठेवा: १०८, तुमच्या आशाताईंचा नंबर, आणि रात्री ज्याला उठवायचं त्या गाडीवाल्याचं नाव.